खोलीत आणखी कोणी आहे का?

१

बोलणं सुरू करण्याआधी प्राप्ती प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायची. आज कुठून बोलताय? दार लावलंय का? खोलीत आणखी कोणी आहे का? मधेच नेट गेलं तर फोन कुठल्या नंबरवर करू, आणि तुम्ही नाही उचललात तर कुणाला करू? लोक कंटाळायचे. बँकेतले एक साहेब तर हसून म्हणाले होते, "मॅडम, हे समुपदेशन आहे की पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन?" तरी ती विचारायचीच. समोरचा माणूस कुठे बसलाय हे आपल्याला ठाऊक नसेल, तर त्याला काही झालं की आपण नुसते पडद्याकडे बघत राहतो. हे ती एकदा अनुभवून चुकली होती.

मग ती आपल्या बाजूचं सांगायची. "माझ्याकडेही कोणी नाही. दार बंद आहे, कानात हेडफोन आहेत. तुम्ही जे बोलाल ते या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

घोडबंदर रोडच्या एका उंच टॉवरमधली ती छोटी बेडरूम. नवरा, साईनाथ, सकाळी ऑफिसला गेला की घर तिचंच असायचं. ठाण्याच्या कोळीवाड्यात वाढलेली ती. तिथे दिवसा घराचं दार लोटलं तरी शेजारीण विचारायला यायची, कुणी आजारी आहे का. इथे मात्र ती बंद दाराआड बसून लोकांची दुःखं ऐकायची. पाठीमागे पलंग, त्यावर घड्या न घातलेले कपडे. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती मागचं सगळं धूसर करून ठेवायची. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर माणूस तेवढा ओळखून स्वच्छ ठेवतो आणि बाकीचं पुसट करून टाकतो.

दिवाळीनंतर एका मंगळवारी दुपारी शालन पहिल्यांदा पडद्यावर आली. पन्नाशीची बाई, आंबिवलीला चाळीत राहणारी. तिच्या भाचीनं, रचनानं, फोन डब्याला टेकवून उभा करून दिला आणि ती बाहेर गेली. शालनचा मुलगा गेला होता. पहिल्या वेळी तिला त्याचं नावसुद्धा धड घेता आलं नाही. ती नुसती रडली, आणि प्राप्तीनं तिला रडू दिलं. शालनच्या डोक्यावर एक जुना पंखा फिरत होता. दोन-तीन फेरे नीट घ्यायचा आणि मग अडखळायचा, कट्ट. प्राप्तीला वाटलं, हा आवाज आपण ऐकलाय. मग वाटलं, असा पंखा कुणाच्या घरी नसतो?

शेवटी शालननं पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, तुमच्याकडं कोणी नाही म्हणालात ना?"

"नाही. कोणी नाही."

"बरं," शालन म्हणाली. पण ती प्राप्तीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

२

पुढच्या मंगळवारी प्राप्तीला ते दिसलं. पडद्याच्या कोपऱ्यात आपलीच छोटी चौकट असते, तिच्यात. मागचं सगळं धूसर होतं, कपाट, खिडकी, पलंग. फक्त पलंगाच्या कडेला भिंतीचा एक तुकडा धूसर झालेला नव्हता. तिथला रंगाचा पोपडा, खिळ्याचं भोक, सगळं लख्ख दिसत होतं. त्या तुकड्याला कडा होती. खाली रुंद, वर दोन खांद्यांसारखी उतरलेली, त्यावर मान, आणि पुढे झुकलेलं डोकं.

आत काहीच नव्हतं, नुसती भिंत. पण कॉम्प्युटरला तिथे एक माणूस बसल्यासारखं वाटत होतं.

तिनं झटकन वळून पाहिलं. पलंग, कपडे, भिंत. शालन बोलायची थांबली होती.

"उठला का तो?" शालननं विचारलं.

"कोण?"

"काही नाही. माझं चष्म्याचं बघायला हवं."

रात्री जेवताना तिनं साईनाथला सांगितलं तर तो हसला. "अगं, सॉफ्टवेअर आहे ते. माझ्या मीटिंगमध्ये त्यानं एकदा पंख्याला माणूस समजलेलं. बॉसपेक्षा पंखा क्लिअर दिसत होता."

तिलाही हसू आलं. खरंच होतं ते. उजेडाचा खेळ असेल, कपड्यांच्या ढिगाची सावली असेल. तिनं कपडे उचलून टाकले, पडदा ओढला. पुढच्या वेळी टेबलच फिरवून दुसऱ्या भिंतीकडे पाठ केली. दिवसभर बाकीची माणसं आली, बोलली, गेली. मागची भिंत एकसारखी पुसट राहिली. शालन आली, आणि त्या नव्या भिंतीवर, तितक्याच अंतरावर, तो तुकडा उघडा झाला. बसलेला. मान खाली घातलेला. कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकणारा.

प्राप्तीनं धूसर करायचं बटणच बंद केलं. मागे साधी खोली दिसू लागली. रिकामी.

"असू द्या ना ते," शालन एकदम म्हणाली. "पहिल्यासारखं करा. मला तसंच बरं वाटतं." प्राप्तीनं बटण पुन्हा दाबलं.

३

त्या दिवशी शालन सलग बोलली. मुलाचं नाव रत्नदीप. बावीस वर्षांचा. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करायचा. वडील, कुंडलिक, लहानपणीच वारले. तिनं लोकांच्या घरी पोळ्या करून त्याला वाढवला. मागच्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो शहाडला नदीवर गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. पोलिसांनी पाय घसरला म्हणून लिहिलं. चाळीतल्या बाया तोंडावर तेच म्हणायच्या आणि जिन्यात वेगळं बोलायच्या.

"मला एवढंच कळू दे मॅडम. घसरला की गेला? घसरला असेल तर मी नदीला शिव्या देईन. स्वतःहून गेला असेल तर मग... मग मलाच शिव्या द्यायच्यात."

प्राप्ती हळू बोलली. अशा प्रश्नाला बाहेरून कुणीच उत्तर देऊ शकत नाही, पण तो प्रश्न घेऊन एकटं बसायची गरज नाही, असं काहीसं. ती हे मनापासून म्हणायची. आजही तसंच म्हणाली.

"एक पोरगी आहे, तिला माहीत असणार," शालन म्हणाली. "दर मंगळवारी दुपारी ह्याच खोलीत दार लावून बसायचा. कानात ते घालून. आवाज बारीक करून बोलायचा. मी म्हणायची, कोण आहे रे ती, घरी तर आण. त्या दिवशी पण बोलला तिच्याशी. मग फोन चार्जिंगला लावून गेला तो गेलाच. ती पोरगी सापडली ना, तर पाया पडून विचारीन, काय म्हणाला माझा लेक शेवटी." तिनं डब्याला टेकवलेल्या फोनवरून बोट फिरवलं. "हा फोन पण त्याचाच. रचनानं त्यात समुपदेशन असं टाकलं, तर तुमचंच नाव पहिलं आलं."

तेवढ्यात खाली पिठाची गिरणी सुरू झाली. आधी पट्टा फटफटला, मग घरघर. वर पंखा अडखळला, कट्ट.

ती खोली प्राप्तीच्या ओळखीची होती. पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती.

घरून स्वतःचं काम सुरू करण्याआधी ती समुपदेशनाच्या एका ॲपवर काम करायची. तिथे नाव-गाव न सांगताही बोलता यायचं. चिराग नावाचा एक मुलगा यायचा, मंगळवारी दुपारी, कॅमेरा कायम बंद. काळ्या चौकटीतून हाच पंखा ऐकू यायचा, आणि ही गिरणी सुरू झाली की तो म्हणायचा, थांबा हं, बंद होऊ दे. चिराग म्हणजे दिवा. रत्नदीप म्हणजेही दिवाच. शेवटच्या दिवशी तो एक वाक्य बोलला आणि नेट गेलं. त्या वाक्याचे दोन अर्थ होत होते. तिनं वाईट अर्थ धरून धावाधाव केली होती, निरोप पाठवले, ॲपवाल्यांना फोन करकरून हैराण केलं. त्यांच्याकडे पत्ता नव्हता. दिलेला नंबर खोटा निघाला. बाहेर पाऊस पडत होता आणि ती त्या काळ्या चौकटीसमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती. पुढच्याच महिन्यात तिनं ते ॲप सोडलं.

त्या वाक्याचे दोन अर्थ तिला आजही कळत होते. त्यातला खरा कोणता ते कळत नव्हतं. त्याला वाढवणाऱ्या बाईला ते एका क्षणात कळलं असतं. आणि त्याच बाईबद्दल तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "आईला यातलं काही कळायचं नाही. मी मेलो तरी नाही." प्राप्तीनं तेव्हा समजावलं होतं की जिवाला धोका दिसला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल. बाकी सगळं इथेच राहील. शब्द दिला होता.

कोपऱ्यातल्या चौकटीत, तिच्या मागे बसलेल्या त्या तुकड्यानं मान वर केली होती.

४

सुमती मॅडम डोंबिवलीला राहायच्या. प्राप्तीला त्यांनीच शिकवलं होतं, आणि काही अडलं की ती त्यांच्याकडेच जायची. या वेळी ती प्रत्यक्ष गेली. पडद्यावर हे बोलायचा तिला धीर झाला नाही.

सुमती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला.

"तू हे पुढे चालवू शकत नाहीस," त्या म्हणाल्या. "हे तुला माझ्या आधीच कळलं असेल."

"मॅडम, तो गेलाय. आता कुणापासून लपवायचं?"

"तो गेला म्हणून त्याला दिलेला शब्द जात नाही. अपवाद असतात. न्यायालयानं मागितलं तर, दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतलं तर. 'आईला बरं वाटेल' हा अपवाद नाही, प्राप्ती. आणि बरंच वाटेल हे तरी कशावरून?"

"मग तिला काय सांगू?"

"की तू तिच्यासाठी योग्य व्यक्ती नाहीस. कल्याणला डॉक्टर योगिनी आहेत, समोरासमोर बसून भेटतात. मी त्यांच्याशी बोलते. एकदम तोडू नकोस, पुढचं दार उघडं ठेवून मग बाजूला हो."

"का सोडताय विचारलं तर?"

"कारणही सांगता येणार नाही. कारण सांगितलंस की सगळंच सांगितल्यासारखं होईल." मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "मला माहीत आहे हे क्रूर आहे."

भिंतीवरच्या तुकड्याबद्दल प्राप्तीनं निघताना, चपला घालताघालता सांगितलं. सुमती मॅडम हसल्या नाहीत. "कॅमेरा बदलून बघ," एवढंच म्हणाल्या. पण ती लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या, आणि तिच्याकडे बघता बघता त्यांची नजर एकदा तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली.

५

तिनं कॅमेरा बदलला. मंगळवारी शालन आली तेव्हा प्राप्तीनं ठरलेले प्रश्न विचारले, आणि आपल्या बाजूचं सांगायची वेळ आली तेव्हा अडखळली. माझ्याकडे कोणी नाही, हे तिच्यानं म्हणवेना.

शालननं नवं लुगडं नेसलं होतं. केस नीट विंचरले होते. घरी पाहुणा येणार असावा तशी ती बसली होती.

प्राप्तीनं पाठ केलेलं सांगितलं. डॉक्टर योगिनी, कल्याण, दर गुरुवारी. फी कमी आहे. रचना सोबत येऊ शकेल.

"म्हणजे तुम्ही नाही बोलणार माझ्याशी."

"मी तुमच्यासाठी योग्य नाही, शालनताई. यात तुमचं काही चुकलेलं नाही. कारण मला सांगता येत नाही."

अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, शालननं विचारलं, "माझं पोरगं तुमच्याकडं का बसतं?"

पंखा अडखळला.

"पहिल्या दिवसापासून बघते मी. आधी वाटलं तुमच्या घरातलं कोणी असेल. मग त्याचं बसणं ओळखीचं वाटलं. असा पाठीत वाकून तोच बसायचा, किती ओरडायची मी त्याला. आई रडतेय आणि आईकडं बघत नाही. तुमच्याकडंच बघतोय. ती पोरगी तुम्हीच ना? काय म्हणाला तो? मॅडम, एवढंच. मी कुणाला सांगणार नाही. बाबासाहेबांची शपथ घेते."

तो चेहरा बघून प्राप्तीला पाठ केलेलं काही आठवेना. एवढंच वाटलं, एका बाईनं पोळ्या लाटून पोर वाढवलं आणि त्याचं शेवटचं वाक्य आपल्यापाशी पडून आहे. ते आपलं नाहीच, चुकून आपल्याकडे आलंय. देऊन टाकू. जे व्हायचं ते होऊ दे.

"शालनताई," ती म्हणाली, "तो..."

कोपऱ्यातल्या चौकटीत भिंतीवरचा तो तुकडा नव्हता. भिंत पुसट होती. मात्र तिची स्वतःची आकृती रुंद झाली होती. खांद्यांच्या मागून आणखी दोन खांदे. कॉम्प्युटर दोघांना एकच माणूस समजून स्वच्छ दाखवत होता. मग मागून भिंतीच्या रंगाचा एक अरुंद पट्टा पुढे आला, तिच्या गालावरून सरकला आणि ओठांवर येऊन थांबला. चौकटीत तिला तोंड उरलं नाही.

अंगाला काहीच लागलं नव्हतं. ना थंड, ना ओलं. फक्त पुढचा शब्द बाहेर येईना. जबडा हलेना. कानात, हेडफोनच्या आत, कुणीतरी श्वास रोखून धरला होता, आणि तो तिचा श्वास नव्हता.

शालनचं चित्र गोठलं. डोळे विस्फारलेले, हात अर्धवट उचललेला. नेट अडकलं होतं. आवाज मात्र येत राहिला.

"रत्नू," शालन म्हणत होती. "अरे, हात काढ. त्यांच्या तोंडावरचा हात काढ, बाळा."

गिरणीचा पट्टा फटफटला.

"नको सांगू द्यायचं तर नको. मी नाही विचारत. आईची आण, परत कधी नाही विचारणार. तू फक्त घरी ये."

आणि कॉल तुटला. चौकटीत मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पुसट होती.

६

नेट गेलं तर फोन करायचा, असं ठरलेलं असतं. प्राप्तीनं केला. शालननं लगेच उचलला.

"गेला ना तिथून?"

"हो," प्राप्ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज फुटला म्हणून.

"इथंही नाही आला." पलीकडे पंखा अडखळला. "जाते मी तुमच्या त्या डॉक्टरबाईकडं. गुरुवारी जाते. त्याचं शेवटचं पण नको मला, शब्द दिलाय त्याला. पण एक सांगा. तुमच्याशी बोलताना कधी हसायचा का तो? घरात वर्षभर हसला नव्हता."

हसला होता. एकदा प्राप्ती आपला आवाज बंद आहे हे विसरून, हातवारे करत, कितीतरी वेळ त्याला काहीतरी फार मोलाचं समजावत राहिली होती. शेवटी तो म्हणाला, मॅडम, सिनेमा छान होता, आता आवाज लावा. आणि मग हसायला लागला तो थांबेचना. तीही हसली होती. काळ्या चौकटीतून येणारं ते हसणं किती पोरकट होतं, किती मोकळं होतं.

तिच्या तोंडावर आता कुणाचा हात नव्हता. पण हो म्हणणं म्हणजे तो इथे येत होता असं सांगणंच होतं. या वेळी ती आपणहून गप्प राहिली.

"नाही ना," शालन म्हणाली. "मला वाटलंच." आणि तिनं फोन ठेवला.

प्राप्ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. रडून झालं. कुकर लावायला घेतला आणि तांदूळ तसेच पाण्यात राहिले. त्या बाईनं गप्प बसण्याचा अर्थ नाही असा घेतला होता, आणि आता ती आयुष्यभर तोच घेऊन बसणार होती. तिनं परत फोन लावला. वाजत राहिला, मग उचलला गेला.

"शालनताई, हसला होता," ती घाईघाईनं म्हणाली. "खूप हसला होता एकदा. माझ्यावरच हसला होता."

पलीकडून उत्तर नाही. पण कुणीतरी ऐकत होतं. पंखा फिरत होता, अडखळत होता. मग फोन ठेवला गेला, अगदी हळू.

तिला राहवेना. शालन सापडली नाही तर रचनाला कळवायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तिनं रचनाला फोन करून मावशीकडे जाऊन यायला सांगितलं. अंधार पडायच्या आत रचनाचा फोन आला. तिला धाप लागली होती.

"मॅडम, भेटली. बरी आहे. घरी आणली मी तिला. शहाडला गेलेली, नदीवर. माझा तर जीवच गेलेला."

प्राप्तीनं ती कधी निघाली ते विचारलं.

"तुमच्याशी बोलली आणि लगेच निघालेली ती, कुलूप लावून. गिरणीवाल्यानं बघितलं रिक्षात बसताना. फोन आतच, चार्जिंगला. पण मॅडम, तुम्ही म्हणालात नंतर केला तेव्हा उचललेला तिनं?"

"लागला नसेल," प्राप्ती म्हणाली. "माझाच काहीतरी गोंधळ झाला."

"तिथं काय करत होती माहितीये? पाण्याकडं बघत पण नव्हती. वाकून दगडांवर हात फिरवत होती, शेवाळ आहे ना तिथं. मला म्हणते, घसरतं गं इथं. मी हात लावून बघितलं. घसरतं." रचना रडायला लागली. "सारखं तेच म्हणतेय. घरी आली तरी तेच. घसरतं गं."

शालन आता दर गुरुवारी कल्याणला जाते. झोपते थोडी, जेवते, असं डॉक्टर योगिनींकडून सुमती मॅडमना कळलं, आणि त्यांनी तेवढंच सांगितलं, त्यापलीकडचं सांगायचा त्यांनाही अधिकार नाही. प्राप्तीनं शालनला परत फोन करायचा नाही असं ठरलंय, आणि ती ते पाळते.

रत्नदीप हसला होता, हे शालनला अजून कुणी सांगितलेलं नाही.